शेवटून पहिल्या

वहीवालीचं पत्र आलंय. लिहिते, "काकू, माझा अभ्यास झाला, सरांना आवडला. पण तुमच्या लोकांबद्दलचा एक प्रश्न कोराच राहिला. उत्तर सुचलं तर कळवा." प्रश्न असा: फेरी चालू असताना कोणाचा पाय जमिनीला टेकला आणि ते कोणीच पाहिलं नाही, तर तो टेकला म्हणायचा की नाही?

आता हा प्रश्न मला विचारावा म्हणजे कमालच झाली. मी त्या लोकांतली नाहीच मुळी. मला सायकलसुद्धा येत नाही. पण उत्तर मला माहीत आहे, कारण ते घडलं तेव्हा मी तिथेच होते, अनवाणी, केस सुटलेली, आणि धडधडीत खोटं बोलत होते. तिला दोन ओळींत कळवता आलं असतं. पण उत्तर सांगायचं तर माझ्या जाऊबाई सांगाव्या लागतात, आणि जाऊबाई दोन ओळींत मावत नाहीत. त्या कशातच लवकर मावत नाहीत.

आधी माझं सांगते. मी बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. चोवीस वर्षं झाली. "चार वीसची लागली का हो?" "लागली, सुटतेय, पळा!" हे माझं आयुष्य. घरातही मी तशीच. माझ्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणतात आणि मला ते आवडतं. अशा बाईला देवाने थोरली जाऊ कोणती द्यावी? जी भाताला फोडणी द्यायला उभी राहिली तर बाकीच्यांचं जेवून होतं! सासूबाई तर म्हणायच्या, "हिला पाणी मागावं ते तहान लागायच्या आधी." आणि थोरल्या सुनेला त्यांनी ठेवलेलं नाव होतं गोगलगाय. माझ्या मोठ्या दिरांनीही ते उचललं, पोरांनीही उचललं. खोटं कशाला बोलू, मीही उचललं होतं.

जाऊबाईंचं काम कपडे दुरुस्तीचं. लॉन्ड्रीच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलामागे एक कोपरा, त्यात त्यांचं मशीन. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कंबर सैल कर. हा शेवटचा प्रकार फार चालतो. कोणी म्हणालं, "बाई, अर्जंट आहे," तर त्या चष्म्यावरून बघून म्हणत, "मग दुसरीकडे न्या. इथे नीट होतं." त्यांची टीप बघा एकदा. मोजपट्टी लाजेल.

अकरा-बारा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक उंच म्हातारे गृहस्थ आले. सायकलच्या चेनमध्ये अडकून पँटचा पाय फाटलेला. हे आमचे लिफ्टआजोबा. एका मोठ्या कचेरीत चाळीस वर्षं लिफ्ट चालवली. म्हणायचे, "चाळीस वर्षं वर-खाली केलं. आडवं जायची हौसच राहून गेली होती." म्हणून निवृत्त झाल्यावर सायकल घेतली. त्या दिवशी पँट टाकून, शेजारी चहा घेऊन ते घरी निघाले, आणि पुढे बघतात तर दुकान बंद करून जाऊबाई सायकलवर चाललेल्या. मागे कपड्यांचं गाठोडं, पुढे भाजीची पिशवी. इतक्या हळू, की एक कुत्रं त्यांना ओलांडून गेलं आणि थांबून मागे बघायला लागलं. आजोबांनी सायकल हळू केली. आणखी हळू केली. मागे राहायची शिकस्त केली हो त्यांनी! आणि हरले. त्यांची सायकल जाऊबाईंच्या पुढे निघून गेली. तसे ते थेट कोपऱ्यावर जाऊन थांबले, आणि जाऊबाई पोचल्यावर हात जोडून म्हणाले, "ताई, रविवारी कारखान्यामागच्या गल्लीत याल का? आम्ही काही माणसं तुमचीच वाट बघतोय."

तर अशी ही माणसं. संथ सायकलवाले. शाळेत ही शर्यत आपण सगळ्यांनी पाहिलेली असते, शेवटी येईल तो पहिला. पण शाळा सुटली की शहाणी माणसं सोडून देतात. या अकरा जणांनी सोडली नाही. दर रविवारी दुपारी, बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या भिंतीलगत खडूच्या दोन रेघा मारायच्या. मधे दोनशे पावलांचं अंतर. लिफ्टआजोबांच्या सायकलला जुनी पितळी घंटी आहे, ती वाजली की निघायचं. जो सगळ्यात शेवटी पलीकडची रेघ ओलांडेल तो 'उरला'. जिंकला म्हणत नाहीत, उरला. वाटेत ज्याचा पाय जमिनीला लागेल तो टेकला. टेकलेला दिसला की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "टेकला!" बाई असेल तर "टेकली!" आणि ओरडायचा मान फक्त त्यांचा. बाहेरच्याने ओरडलं तर मोजत नाहीत. मी एकदा ओरडले होते, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्यांच्या घरात शिरून फ्रीज उघडला.

दोनशे पावलांना चाळीस-चाळीस मिनिटं लागतात. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मला वाटलं अजून सुरूच झालं नाहीये.

पण एक गोष्ट मात्र डोळ्यांनी पाहिली. घरी ज्यांना सगळे ढकलत असत त्या माझ्या जाऊबाई तिथे सगळ्यांच्या मागून, पाठ ताठ, हँडल धरून अशा येत होत्या की जग थांबून त्यांना वाट देतंय. आणि कडेने टेकलेली माणसं एकमेकांच्या कानात म्हणत होती, "बघा, बघा, काय थांबतात!"  मी घरी येऊन पोरांना दम भरला, "यापुढे गोगलगाय म्हणालात तर याद राखा."

मग गेल्या वर्षी वहीवाली आली. विद्यापीठातून. माणसांचे छोटे छोटे गट असतात, त्यांची आपली भाषा असते, आपले नियम असतात, आणि त्यातून 'आपण' कसं तयार होतं, याचा तिचा अभ्यास. ही पोरगी दर रविवारी भिंतीवर बसायची, मांडीवर जाड निळी वही, आणि सगळं टिपून घ्यायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "तुम्ही स्वतःला काय समजता?" पोस्टमनला ते लागलं. तो म्हणाला, "आम्ही काय समजणार? तुम्हीच काय ते समजता!" दोन आठवडे बोलला नाही तिच्याशी.

बाकीचे मात्र हुरळले. कोणी आपल्याला वहीत घेतंय म्हटल्यावर काय विचारता! गटात एक चष्मेवाला आहे, चष्म्याचं दुकान, तोंडाचा पट्टा सतत चालू. त्याने तिला बिनदिक्कत सांगितलं की निघण्याआधी आम्ही सीटवर तीनदा थाप मारतो, ही फार जुनी पद्धत आहे. अशी काही पद्धत नव्हती! पण तिने लिहून घेतलं. वहीत लिहिलंय म्हटल्यावर पुढच्या रविवारी सगळ्यांनी तीनदा थाप मारली. तिसऱ्या रविवारी एकजण विसरला तर चष्मेवालाच त्याच्यावर खेकसला, "वाडवडिलांपासूनचं आहे, मारा थाप!" आता मारल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. हे सगळं तिला कळलं तेव्हा ती भिंतीवरून पडेपर्यंत हसली, आणि तेही लिहून घेतलं.

मग एक दिवस तिने तो प्रश्न काढला. पाय टेकला आणि कोणी पाहिलाच नाही, तर? झालं! कावळ्यांची सभा भरली. चष्मेवाला म्हणाला, न पाहिलेलं टेकणं हे टेकणंच नव्हे. पोस्टमन म्हणाला, जमिनीने तर पाहिलं ना. लिफ्टआजोबांनी नुसते डोळे मिटले. शेवटी तिने जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत बाळा. माझा टेकलाच नाही कधी."

आणि ते खरं होतं. मी सांगणार आहे त्या रविवारपर्यंत अकरा वर्षं, अकरा महिने, आणि वर एक आठवडा. एकदाही नाही.

हे आकडे मला तोंडपाठ आहेत कारण जाऊबाईंना ते पाठ होते. गटाचा एक नियम आहे. बारा वर्षं न टेकता जो राहील त्याच्या सायकलला ती पितळी घंटी लागते. मग फेरी तो सुरू करतो. आजोबांना ती त्यांच्या आधीच्या उरलेल्याकडून मिळाली होती. आता आजोबा एक्याऐंशीचे, गुडघे कुरकुरतात, आणि घंटी द्यायला माणूस शोधत होते. जाऊबाईंचे तीन रविवार बाकी होते. त्यांच्यानंतरचा पोस्टमन, त्याची जेमतेम चार वर्षं.

एका संध्याकाळी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. माझी पालकाची जुडी संपली, त्यांचं तिसरं पान चाललेलं. अचानक म्हणाल्या, "अगं, एक सांगू? हसू नकोस. ती घंटी मला हवीये. फार हवीये. जन्मभर सगळ्यांनी मला मागून हॉर्न वाजवला. एकदा मी वाजवेन आणि लोक निघतील, एवढंच."

मी हसले नाही. मी त्यांच्यापुढची जुडी ओढली आणि निवडून टाकली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हाताला काहीतरी हवं होतं.

आता तो रविवार. वहीवालीचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गावी सरांपुढे सगळं मांडायचं होतं, बस चार वीसची. फेरी सुरू झाली, ती अर्धी होईपर्यंत थांबली, मग सगळ्यांना हात हलवून निघाली. "सावकाश!" सगळे ओरडले. निरोप घेताना ते हेच म्हणतात. मी भिंतीपाशी थर्मास घेऊन उभी. दहा मिनिटांनी सहज बघते तर काय, भिंतीवर निळी वही!

 वर्षभराचा अभ्यास! फोन लावावा तर तिचा फोन आमच्या लोकांची बडबड रेकॉर्ड करून करून दुपारीच मान टाकून बसलेला. स्थानकावर फोन करावा तर चौकशीच्या खिडकीतला फोन कोणी उचलत नाही. हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मीच उचलत नाही.

"अहो, थांबा सगळे! वही राहिली!" मी ओरडले. थांबतायत कसले, ते आधीच थांबल्यासारखे होते. "पोस्टाने पाठवू का?" चष्मेवाल्याने विचारलं. "उद्या सकाळी हवीये ना?" पोस्टमन म्हणाला. "मग नको."

रस्त्यावर रिक्षा नाही, काही नाही. मी वही घेऊन धावत सुटले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि चपलेचा अंगठा तुटला. मागे वळून बघते तर अख्खा गट माझ्यामागे निघालेला. खडूची रेघ कोणीच ओलांडली नव्हती, म्हणजे फेरी चालूच, म्हणून पाय कोणी टेकवला नव्हता. सगळ्यांनी जागच्या जागी सायकली वळवल्या होत्या आणि स्थानकाकडे कूच केलं होतं. मला भरून आलं. आणि मग कळलं की कोणी पुढेच येत नाहीये.

कसे येतील? जन्मभर पुढे जाणं म्हणजे हरणं! चष्मेवाला पोस्टमनला म्हणत होता, "व्हा ना तुम्ही पुढे." पोस्टमन म्हणत होता, "छे छे, आधी तुम्ही." कोणी जरा पुढे सरकला की दचकून ब्रेक दाबत होता. दहा सायकली, रस्ताभर पसरलेल्या, प्रचंड तळमळीने आणि मुंगीच्या चालीने एका पोरीला वाचवायला निघालेल्या. मी कपाळावर हात मारला. "अहो, जरा जोरात चालवा! मेलं तुमचं ते उरणं!"

तेवढ्यात मागून जाऊबाई आल्या. अर्थातच शेवटून. माझ्याशेजारी येऊन हळूहळू गोल फिरायला लागल्या.

"किती मिनिटं?"

"सात."

त्यांनी एकदा गटाकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "बस मागे."

मी वही पोटाशी धरून कॅरिअरवर बसले, आणि देवाशपथ सांगते, पुढे जे झालं ते मी चोवीस वर्षांत कुठल्या बसमध्येही अनुभवलं नाही. जाऊबाई पेडलवर उभ्या राहिल्या. सगळ्यांना ओलांडून सुसाट! चष्मेवाल्याचा चष्मा नाकावरून उडाला. पदर माझ्या तोंडावर फडफडत होता, मला काही दिसत नव्हतं, मी नुसती ओरडत होते, "डावीकडे! वहिनी, डावीकडे! अगं आई गं!" मगाशी लांब वाटलेली दुकानं भराभर मागे पडली. आणि जाऊबाई हसत होत्या हो! खदाखदा हसत होत्या, शाळेला दांडी मारलेल्या पोरीसारख्या. मीही हसायला लागले. हसता हसता माझा अंबाडा सुटला.

चौकात लाल दिवा. मी म्हटलं संपलं, आता पाय टेकणार. पण त्यांनी लांबूनच सायकल हळू केली, हळू केली, मला मागे घेऊन एक-एक वीत पुढे सरकत राहिल्या. "हलू नकोस," म्हणाल्या. मी श्वासच घेतला नाही. शेजारी स्कूटरवाला तोंड उघडून बघत होता. रेघेपाशी चाक पोचलं आणि हिरवा झाला. अकरा वर्षं, अकरा महिने, वर एक आठवडा आणि हा चौक, सगळं शाबूत.

स्थानकात शिरलो तर चार वीसची मागे घेऊन वळत होती, फाटकाकडे तोंड झालेलं. मी उडी मारली. अनवाणी धावले. वहीवाली मागच्या बाजूला, तिकडच्या खिडकीत, आणि बस चालू! मी काचेवर मारतेय, कंडक्टरला वाटतंय मी कामावरच आहे, तो मला हात करून हसतोय. मेल्या!

तेव्हा जाऊबाईंनी सायकल बससमोर घातली. आणि दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

करकचून ब्रेक. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, "बाई, मरायचंय का?"

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. "घाई आहे."

मी खिडकीतून वही दिली. पोरगी आधी वहीकडे बघत राहिली, मग माझ्या केसांकडे, आणि रडायलाच लागली. बससमोर काय चाललंय हे तिला तिथून दिसत नव्हतं. बस गेली. धूळ बसली. अंगणात आम्ही दोघीच.

जाऊबाई आपल्या पायांकडे बघत होत्या. मीही बघितलं. आणि तेव्हा मला कळलं काय गेलं ते. तीन रविवार राहिले होते हो!  मी इकडेतिकडे बघितलं. गटातलं कोणी नाही. मी बाहेरची, माझं पाहणं मोजतच नाहीत.

"वहिनी," मी दबक्या आवाजात म्हटलं, "चढा परत. गोल फिरायला लागा. लवकर!"

 त्या चढल्या. स्थानकाच्या अंगणात हळूहळू गोल फिरायला लागल्या.

पंधरा मिनिटांनी फाटकातून आमची वरात आली. पोस्टमन, चष्मेवाला, एकेक करत सगळे, आणि शेवटी लिफ्टआजोबा. एकाचाही पाय टेकलेला नाही. दहाच्या दहा जण अंगणात जाऊबाईंभोवती गोल फिरायला लागले.

"पोचली का वही?" पोस्टमनने विचारलं.

"पोचली!" मी म्हटलं.

"आणि..." चष्मेवाल्याला पुढचं विचारवेना. "टेकला नाही ना?"

"छे!" मी छातीठोक म्हणाले. "चालत्या सायकलवरून खिडकीत वही फेकली त्यांनी! मी डोळ्यांनी पाहिलं. काय नेम! बसवाले टाळ्या वाजवत होते!" खोटं बोलावं पण रेटून बोलावं.

काय जल्लोष झाला! पोस्टमनने शिट्टी मारली. आजोबांचा हात घंटीवर गेला, ते तिच्याकडे बघून हसत होते. म्हणाले, "तीन रविवार ताई. मग ही तुमची."

जाऊबाईंनी घंटीकडे बघत दोन वेढे घेतले. तिसऱ्या वेढ्याला त्यांनी पाठ ताठ केली, मान वर केली, आणि स्थानकभर ऐकू जाईल अशा आवाजात, एकट्याच, ओरडल्या:

"टेकली!"

आणि सायकलवरून उतरल्या.

 हमाल बघायला लागले. जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू माझ्यासाठी बोललीस, कळलं मला. पण ती घंटी मी वाजवली असती ना, तर दर रविवारी मला एकटीलाच वेगळी ऐकू आली असती." मग हळूच म्हणाल्या, "फार हवी होती गं मला."

मी त्यांना घट्ट धरलं.  

तेव्हा लिफ्टआजोबांनी घंटीवरचा हात काढून परत हँडलवर ठेवला. गोल फिरत फिरत बोटांवर काहीतरी मोजलं.

"पुढच्या रविवारपासून पहिल्यापासून सुरू," ते म्हणाले. "म्हणजे अजून बारा वर्षं. तेव्हा मी त्र्याण्णवचा."

"हो," जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"ठेवतो मी सांभाळून," आजोबा म्हणाले. "मला कुठे घाई आहे?"